हाताने घडवलेली जपानी कार्बन पोलादाची सुरी: कोणती घ्यावी आणि कशी सांभाळावी?

अबोली

नमस्कार. गेली बारा-तेरा वर्षे मी रोजचा स्वयंपाक स्टेनलेस स्टीलच्या एकाच सुरीवर करत आले आहे. पाते ओढून धार लावायच्या छोट्या यंत्रातून तिला आठवड्यातून एकदा काढते. दोन दिवस ती बरी चालते आणि तिसऱ्या दिवशी टोमॅटोच्या सालीवरून पुन्हा घसरू लागते. मध्यंतरी एका परिचितांकडे हाताने घडवलेली जपानी सुरी वापरण्याचा योग आला. कांदा चिरताना पाते फळीला टेकले तेव्हाच तो कापला गेल्याचे हाताला कळत होते, आणि चकत्यांच्या कापलेल्या बाजू इतक्या गुळगुळीत होत्या की मी एक चकती उजेडात धरून पाहिली. तेव्हापासून अशी एक सुरी आपल्याकडे असावी हे मनाने घेतले आहे.

वाचायला बसल्यावर मात्र गोंधळ वाढत गेला. शिरोगामी, आओगामी, आओगामी सुपर ही पोलादांची नावे. त्यांपुढे क्रमांक 1, क्रमांक 2. कुठे लोखंडाचे वेष्टन, कुठे स्टेनलेसचे. लांबी 210 मि.मी. घ्यावी की 240. काळे पाते घ्यावे की चकचकीत, यांतल्या प्रत्येक बाबतीत ठाम मते वाचायला मिळतात आणि ती एकमेकांना छेद देतात. ‘हाताने घडवलेली’ या शब्दांचा नेमका अर्थ काय घ्यायचा, हेही मला उमगलेले नाही.

खरी काळजी गंजाची आहे. आमच्या स्वयंपाकघरात माझ्याखेरीज आणखी दोघांचा वावर असतो आणि वापरलेली सुरी ताबडतोब पुसून ठेवण्याची सवय त्यांच्यापैकी कोणालाही नाही. अशा घरात कार्बन पोलादाची सुरी टिकेल का? दगडावर धार लावायला मी शिकायला तयार आहे, पण सुरुवात कुठून करावी हे जाणकारांनी सांगावे. ज्यांनी अशी सुरी काही वर्षे वापरली आहे त्यांचा अनुभव मला विशेष मोलाचा वाटेल.

भाता

अबोली, तुम्ही पोलादाच्या नावांपासून सुरुवात केली आहे, म्हणून आधी ती गाठ सोडवतो. पण निवड ठरवताना पोलादाच्या नावाला मी तिसरे स्थान देतो, हे अगोदरच सांगून ठेवतो.

शिरोगामी म्हणजे पांढरा कागद आणि आओगामी म्हणजे निळा कागद. शिमाने प्रांतातील यासुगी येथे हे पोलाद तयार होते आणि त्याच्या निरनिराळ्या प्रतींना ज्या रंगाचा कागद लावत त्यावरून ही नावे रूढ झाली. पोलादाच्या रंगाशी त्यांचा काही संबंध नाही. ते बनवणारी कंपनी पूर्वी हिताची मेटल्स म्हणून ओळखली जाई, 2023 पासून तिचे नाव प्रोटेरिअल झाले आहे, त्यामुळे जुन्या आणि नव्या लिखाणात दोन्ही नावे आढळतील. शिरोगामी हे जवळजवळ निव्वळ लोह आणि कार्बन यांचे पोलाद आहे. क्रमांक 2 मध्ये कार्बन साधारण 1.05 ते 1.15 टक्के असतो, क्रमांक 1 मध्ये 1.25 ते 1.35 टक्के. आओगामीमध्ये याच आधारावर थोडे क्रोमियम आणि एक ते दोन टक्के टंगस्टन घातलेले असते. टंगस्टनमुळे पोलादात कठीण कण तयार होतात आणि धार सावकाश झिजते. आओगामी सुपरमध्ये कार्बन 1.4 टक्क्यांच्या पुढे जातो आणि मॉलिब्डेनम व व्हॅनेडियमही असते. व्यवहारात याचा अर्थ एवढाच की शिरोगामीला दगडावर धार चटकन येते आणि ती तुलनेने लवकर उतरते, तर आओगामीला थोडी जास्त मेहनत लागते आणि ती जास्त दिवस चालते. क्रोमियमचे नाव वाचून आओगामी गंजणार नाही असे मात्र समजू नका. त्यात क्रोमियम अर्ध्या टक्क्याच्या आसपास असते, आणि पोलादाला स्टेनलेस म्हणवून घ्यायला किमान साडेदहा टक्के लागते.

माझ्या लेखी पहिले स्थान वेष्टनाला आहे. अशा सुऱ्या बहुधा तीन थरांच्या असतात: मध्ये कठीण पोलादाचा गाभा आणि दोन्ही बाजूंना मऊ धातूचे वेष्टन. गाभा फक्त धारेपाशी, काही मिलिमीटरच्या पट्टीत उघडा दिसतो. उरलेले सगळे पाते म्हणजे वेष्टनच. ते वेष्टन मऊ लोखंडाचे असेल तर तेच सर्वांत आधी गंजते, कांद्याला तपकिरी डाग पाडते आणि सुरुवातीचे काही आठवडे हाताला लोखंडाचा वासही येतो. वेष्टन स्टेनलेसचे असेल तर सांभाळायची राहते ती फक्त धारेजवळची अरुंद पट्टी. ज्या घरात तीन माणसे एकच सुरी हाताळणार आहेत, त्या घरासाठी मी दुसरा कोणताही विचार न करता स्टेनलेस वेष्टनाची सुरी सुचवेन. कापण्याचे काम गाभाच करतो, त्यामुळे कार्बन पोलादाचा जो अनुभव तुम्हाला हवा आहे तो यातही पुरेपूर मिळतो. लोखंडी वेष्टनावर दगडाने उमटणारी धुकट, मऊ चमक सुंदर असते हे मी मान्य करतो आणि माझ्या स्वतःच्या दोन सुऱ्या तशाच आहेत, पण त्या घरात माझ्याखेरीज कोणी उचलत नाही.

दुसरे स्थान पात्याच्या घडणीला. सुरी किती सहज उतरते हे धारेच्या तीक्ष्णतेइतकेच धारेच्या लगेच वरचे पाते किती पातळ आहे यावर अवलंबून असते. पाठ मुठीजवळ तीन मि.मी. जाड असली तरी हरकत नाही. ती टोकाकडे निमुळती होत गेली पाहिजे आणि पाते धारेकडे येताना सलग पातळ झाले पाहिजे. विकत घेताना टाचेच्या बाजूने, म्हणजे मुठीच्या दिशेने पाते समोर धरून त्याचा आडवा छेद पाहावा. धारेच्या वरच खांदा आल्यासारखा फुगवटा दिसला तर गाजरासारखी कठीण भाजी कापताना ती चिरली न जाता पाचरीने फोडल्यासारखी तडकेल, मग पोलाद कोणतेही असो. दूरवरून मागवत असाल तर विक्रेत्याकडून असे छायाचित्र मागून घ्यावे. जाणकार विक्रेते ते आनंदाने पाठवतात.

‘हाताने घडवलेली’ या शब्दांत बऱ्याच गोष्टी येतात. काही लोहार स्वतः भट्टीत पोलाद आणि लोखंड जोडतात. काहीजण गिरणीतून आधीच जोडून आलेली तीन थरांची पट्टी घेऊन तिच्यावर काम करतात. स्टेनलेस वेष्टनाच्या सुऱ्यांत ही तयार पट्टी फार मोठ्या प्रमाणावर वापरली जाते आणि त्यात फसवणूक काही नाही. कस लागतो तो पुढे: घणाखाली पात्याला आकार देणे, पाणी देताना, म्हणजे तापलेले पाते एकदम थंड करून कठीण करताना, उष्णता अचूक सांभाळणे, आणि शेवटी चाकावर व दगडावर ते पातळ करणे. ओसाकाजवळच्या साकाई या बंदराच्या गावी तर ही कामेच वेगवेगळ्या घरांत विभागलेली आहेत. लोहार घडवतो, धार काढणारा वेगळा असतो आणि मूठ बसवणारा तिसराच. हे गाव सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात जपानमध्ये तंबाखू आल्यानंतर ती कापण्याच्या सुऱ्यांसाठी नावाजले, आणि पुढे जपानवर सत्ता असलेल्या तोकुगावा राजवटीने तिथल्या सुऱ्यांवर खास शिक्काही मारू दिला. फुकुई प्रांतातील एचिझेन, निइगाता प्रांतातील सांजो आणि शिकोकू बेटावरील तोसा ही आणखी तीन मोठी केंद्रे. एचिझेनमध्ये दोन पाती एकमेकांवर ठेवून एकदम घणाखाली घेण्याची रीत आहे. त्यामुळे ती सावकाश थंड होतात आणि समान पातळ होत जातात. ही पद्धत मला लोहारकामातल्या अतिशय देखण्या युक्त्यांपैकी एक वाटते.

लांबीबाबत थोडक्यात. तुम्हाला हव्या असलेल्या आकाराला ग्युतो म्हणतात, म्हणजे शब्दशः गाईच्या मांसाची सुरी. मेइजी काळात, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, जपानमध्ये मांसाहार खुला झाला तेव्हा पाश्चात्य सुरीवरून तो आकार घेतला गेला, आणि आज तो भाजी, फळे, मांस अशा सगळ्याच कामांना चालतो. फळी लहान असेल तर 210 मि.मी., मोठी असेल आणि हात सरावलेला असेल तर 240. पहिल्या सुरीसाठी 210 योग्य. पाते काळे असावे की चकचकीत, हा मुख्यतः आवडीचा प्रश्न आहे. भट्टीतली काळी पापडी तशीच ठेवलेली असेल तर तेवढ्या भागाचे गंजापासून थोडे रक्षण होते, एवढाच तिचा व्यावहारिक लाभ.

नदीकाठ

भाता यांनी निवडीबद्दल जे लिहिले आहे त्यात वेष्टनाचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि त्याला माझ्या अनुभवाची जोड देतो. माझी पहिली सुरी शिरोगामी क्रमांक 2 ची, लोखंडी वेष्टनाची होती. पहिल्याच आठवड्यात लिंबे कापून ती फळीवर तशीच ठेवली आणि जेवायला बसलो. पाऊण तासाने परत आलो तेव्हा पात्यावर नारिंगी ठिपक्यांची एक ओळ उमटली होती. जिथे रसाचा थेंब वाळला होता, नेमका तिथे एक ठिपका. ते डाग निघाले. पुढच्या वर्षी मात्र मी ती धुऊन, वरवर पुसून लाकडी म्यानात घातली आणि दोन आठवडे बाहेरगावी गेलो. म्यानाच्या लाकडाने ओल धरून ठेवली, आणि परत आल्यावर पात्याला सुईच्या टोकाएवढे खड्डे पडलेले दिसले. ते आजही तिथे आहेत. तेव्हापासून सुरी पूर्ण कोरडी झाल्याखेरीज म्यानात जात नाही.

आता निगेचे मर्म सांगतो. पात्यावर जो राखाडी, निळसर, कधी जांभळट थर येतो तो गंज नव्हे. तो लोहाच्या ऑक्साइडचा घट्ट बसलेला पातळ थर असतो आणि पुढच्या गंजाला तो बऱ्याच अंशी अडवतो. नारिंगी किंवा तांबूस, बोटाला भुकटीसारखा लागणारा थर म्हणजे गंज. तो सैल असतो, ओल धरतो आणि खाली खात जातो. ओळखायची सोपी रीत म्हणजे पांढरे कापड ओले करून त्या जागी घासावे. तांबूस डाग कापडावर आला तर गंज आहे; कापड स्वच्छ राहिले तर ती सुरीची कमाई आहे, तिला हात लावू नका. नवी सुरी पहिल्या दोन-तीन आठवड्यांत डागाळलेली, ओंगळ दिसते आणि अनेकजण घाबरून ती घासून पुन्हा पांढरी करतात, त्यामुळे तिला कधी संरक्षक थर येतच नाही. ही चूक कृपया करू नका.

रोजचा रिवाज अगदी साधा आहे. फळीशेजारी एक ओला आणि एक कोरडा फडका ठेवावा. आंबट वस्तू किंवा कांदा कापल्यावर, दुसऱ्या कामाला हात घालण्याआधी, पाते आधी ओल्या आणि मग कोरड्या फडक्याने पुसावे. पुसताना फडका नेहमी पाठीकडून धारेकडे न्यावा आणि पाठीच्या बाजूने धरावा, म्हणजे बोट कापत नाही. काम संपल्यावर साबणाच्या पाण्याने हाताने धुऊन लगेच पुसावी आणि उभी किंवा लोहचुंबकाच्या लाकडी पट्टीवर दहा मिनिटे वाऱ्यावर राहू द्यावी. चुंबकाच्या पट्टीवर लावताना आधी पाठ टेकवावी आणि मग पाते हलकेच कलते करावे. थेट धार आपटली तर टवका उडतो. भांडी धुण्याच्या यंत्रात ती कधीही जाऊ देऊ नये, कारण तिथली उष्ण वाफ, क्षार आणि भांड्यांची आदळआपट तिन्ही एकाच वेळी तिला मारक ठरतात.

रोज वापरात असलेल्या सुरीला तेल लागत नाही. महिनाभर ठेवून द्यायची असेल तर जपानी कारागीर त्सुबाकी म्हणजे कॅमेलियाच्या बियांचे तेल लावतात. ते सहसा वाळून चिकट होत नाही. खाण्यायोग्य खनिज तेलही चालते. स्वयंपाकाचे तेल लावून ठेवू नका, काही आठवड्यांत ते रोगणासारखे चिकटते. गंज आलाच तर खाण्याच्या सोड्याची दाट लापशी करून ती बाटलीच्या बुचाच्या लाकडाने घासावी, लांबीच्या दिशेने, आणि धारेपासून दूर. अशाने वरवरचा गंज सहज जातो.

आणखी एक गोष्ट जी कोणी सांगत नाही: काही नव्या सुऱ्यांवर प्रवासात गंज येऊ नये म्हणून पारदर्शक रोगणाचा हात दिलेला असतो. तो काढण्यासाठी कापसावर थोडे ॲसिटोन घेऊन पाते पुसावे आणि मग धुवावे. तसे न केल्यास तो काही दिवसांनी पापुद्रे धरून अन्नात सुटू लागतो.

अबोली

भाता आणि नदीकाठ, तुम्हा दोघांचे मनापासून आभार. स्टेनलेस वेष्टन आणि आओगामी क्रमांक 2 चा गाभा असलेली 210 मि.मी. ची सुरी घ्यायची, इथपर्यंत मन तयार झाले आहे. आता धारेबद्दल विचारते. माझे ओढायचे यंत्र या सुरीला चालेल का? आणि माझ्याकडे एक लांब लोखंडी दांडाही आहे, ज्यावर पाते घासतात, तो वापरावा का? दगड कोणत्या क्रमांकाचे घ्यावेत आणि कोन सांभाळायचा कसा, हे कृपया अगदी नवशिक्याला समजेल असे सांगा.

सहाण

दोन्ही वस्तू या सुरीपासून लांब ठेवा. तुमच्या सध्याच्या सुरीचे पोलाद मऊ आहे, त्यामुळे तिची धार वाकते आणि दांड्यावर घासल्याने सरळ होते. जपानी कार्बन पोलादाची कठिणता रॉकवेल मापावर साधारण 60 ते 64 असते. ते वाकत नाही, त्याचा टवका उडतो, आणि खाचा असलेल्या दांड्यावर तर हमखास उडतो. ओढायचे यंत्र धारेतून धातूचे तुकडे खरवडून काढते आणि कोनही आपल्या मर्जीने लादते. फिरत्या चाकावर धार लावून देणाऱ्यांकडेही ही सुरी नेऊ नका. या पोलादाला पाणी दिल्यानंतर ते साधारण दोनशे अंश सेल्सिअसच्या आसपासच्याच उष्णतेवर तावून निघालेले असते. कोरड्या चाकावर धारेचे टोक क्षणात त्याहून तापते. धारेपाशी निळी झाक दिसली तर तिथले पाणी उतरले असे समजावे, आणि ते परत चढवणे घरी शक्य नसते.

सुरुवातीला 1000 क्रमांकाचा एक पाण्याचा दगड पुरेसा आहे (क्रमांक जितका मोठा तितका दगड बारीक कणांचा). तीन महिन्यांनी हात बसला की 3000 ते 6000 मधला एक घ्या. काही दगड वापरण्याआधी पंधरा-वीस मिनिटे पाण्यात बुडवून ठेवावे लागतात, काहींवर नुसते पाणी शिंपडले की काम होते. दगडासोबतच्या सूचनेत ते लिहिलेले असते आणि ते पाळले पाहिजे, कारण न भिजवायचा दगड बुडवून ठेवला तर तो ठिसूळ होऊ शकतो.

कोनाची भीती सगळ्यांनाच वाटते, म्हणून ती मोजमापाने घालवू. दोन्ही बाजूंना प्रत्येकी 15 अंशांच्या आसपास कोन ठेवायचा असे धरू. तुमच्या पात्याची टाचेपाशी उंची 48 मि.मी. असेल तर 15 अंशांसाठी पाठ दगडापासून साधारण 12 मि.मी. वर उचललेली असायला हवी. बारा मिलिमीटर उंचीची एखादी वस्तू, तेवढ्या उंचीची नाण्यांची चळत म्हणा, पाठीखाली ठेवून पाहा, ती उंची हाताला कळली की काढून टाका. टोकाकडे पाते अरुंद होते, म्हणून तिथे पोहोचताना मूठ किंचित वर उचलावी लागते. आपण योग्य जागी घासतो आहोत का हे पाहण्यासाठी धारेवर शाईच्या जाड पेनाने रेघ ओढा आणि चार-पाच वेळा घासून बघा. शाई फक्त वरच्या भागातून गेली असेल तर पाठ फार खाली आहे, फक्त अगदी कडेवरून गेली असेल तर फार वर आहे.

आता ज्या क्षणावर सगळे अवलंबून आहे तो सांगतो. एका बाजूने सावकाश, सारख्या दाबाने घासत राहिलात की धातूचा अतिशय बारीक काठ पलीकडच्या बाजूला वळतो. जपानी कारागीर त्याला काएरी म्हणतात. तो दिसत नाही, पण अंगठ्याचा मांसल भाग पाठीकडून धारेकडे, आणि तिच्या पलीकडे निसटेल असा हलकेच नेला की खरखर जाणवते. धारेच्या लांबीने बोट कधीही फिरवू नये. हा काठ टाचेपासून टोकापर्यंत सलग जाणवेपर्यंत बाजू बदलू नका. नवशिक्यांची सुरी धारदार होत नाही त्याचे कारण दहापैकी नऊ वेळा हेच असते की मधल्या भागात काठ आलेला असतो आणि टाच व टोक कोरेच राहिलेले असतात. तो सलग आल्यावर दुसरी बाजू तशीच करावी, मग दाब कमी कमी करत आलटून पालटून घासावे, शेवटी तर पात्याचे स्वतःचे वजनच पुरते. उरलेला काठ चामड्याच्या पट्टीवर किंवा घडी घातलेल्या वर्तमानपत्रावर पाते मागच्या दिशेने, म्हणजे धार मागे राहील असे, पाच-सहा वेळा ओढून काढावा. तो तसाच राहिला तर सुरी पहिल्या दिवशी भन्नाट कापते आणि दुसऱ्या दिवशी बोथट होते, कारण तो दुमडतो.

दगडावर जमणारा चिखल सारखा धुऊन टाकू नका. कापायचे काम तोही करतो. आणि दगड सपाट ठेवा. त्यावर पेन्सिलीने चौकटी आखून तो सपाट करायच्या खडबडीत दगडावर घासावा. सगळ्या रेघा गेल्या की तो सपाट झाला. मधे खोलगट झालेल्या दगडावर कोन कितीही सांभाळला तरी धार गोलसर होते.

पहिल्यांदा माझी सुरी नीट व्हायला दीड तास लागला होता. आता वीस मिनिटांत होते, आणि तो वेळ मला दिवसातला अत्यंत निवांत वाटतो.

भाता

सहाण यांच्या शाईच्या युक्तीला माझा पूर्ण दुजोरा. एका बाबतीत मात्र थोडे वेगळे सुचवतो. घरात इतर दोघे ही सुरी उचलणार असतील, तर पहिल्या धारेनंतर 1000 च्या दगडावर पाठ आणखी तीन-चार मिलिमीटर उचलून दोन्ही बाजूंना अगदी हलके दोन-तीन हात द्यावेत. धारेच्या टोकाला त्यामुळे एक सूक्ष्म, थोडा बोजड कोन येतो, जो डोळ्यांना दिसत नाही. पण टवके उडण्याचे प्रमाण स्पष्टपणे कमी होते. तीक्ष्णता किंचित कमी होईल, तेवढी होऊ द्यावी.

तुमची जुनी स्टेनलेसची सुरी टाकून देऊ नका. हाडे, गोठलेले पदार्थ, कठीण कवचाची फळे आणि आत कोय असलेली फळे यांचे काम तिच्याकडेच राहू द्या. नव्या सुरीने कापताना पाते अडकले तर ते बाजूला मुरगळून सोडवू नये, सरळ वर काढावे. आणि चिरलेले गोळा करताना धार फळीवरून खरडू नये, सुरी उलटी करून पाठीने ओढावे. फळी लाकडाची किंवा मऊ रबराची असावी. काच, दगड आणि चिनी मातीची ताटली यांवर धार एका दिवसात जाते.

अबोली

सुरी येऊन आता पाच आठवडे झाले. आओगामी क्रमांक 2, स्टेनलेसचे वेष्टन, 210 मि.मी., मॅग्नोलियाच्या लाकडाची अष्टकोनी मूठ. ॲसिटोनने पुसल्यावर कापसावर पिवळसर काहीतरी आले, म्हणजे रोगण होते. तो सल्ला कोणी दिला नसता तर मला कळलेही नसते. धारेची पट्टी आता निळसर राखाडी झाली आहे, आणि वेष्टन जिथे संपते तिथे गाभ्याची नागमोडी रेषा स्वच्छ दिसते. दगडावर पहिल्या वेळी टोक कोरेच राहिले, सहाण यांनी सांगितले होते अगदी तसेच. दुसऱ्या वेळी काठ सलग जाणवला.

एक शंका उरली आहे. टाचेच्या खालच्या कोपऱ्यात, मुठीपासून दोन बोटांवर, गाभ्याच्या उघड्या पट्टीवर एक तांबूस ठिपका दिसतो. पांढऱ्या ओल्या कापडाला डाग लागतो. बाकी कुठेही नाही. सगळीकडे सारखेच पुसत असूनही नेमका तिथेच का येत असावा?

नदीकाठ

कारण सगळीकडे सारखे पुसले जात नाही. आपण मूठ धरून फडका टाचेच्या पुढून लावतो आणि टोकाकडे ओढतो, त्यामुळे टाचेचा कोपरा आणि पाते मुठीला मिळते ती मान या दोन जागा ओल्याच राहतात, आणि सुरी उभी ठेवली की मुठीतले उरलेसुरले पाणीही ओघळून तिथेच येते. सोड्याची लापशी आणि बूच घेऊन तो ठिपका काढून टाका. पाच आठवड्यांचा आहे, खड्डा पडलेला नसणार. यापुढे पुसताना कोरड्या फडक्याची एक घडी आधी टाचेभोवती आणि मानेवर दाबून धरा, दोन क्षण थांबा आणि मगच पुढे ओढा. घरातल्या इतर दोघांनाही पुसायला सांगताना एवढी एकच जागा बोटाने दाखवा, बाकीचे पाते ते आपसूक पुसतील. मॅग्नोलियाचे लाकूड पाणी पिते, म्हणून मूठही पुसावी आणि महिन्या-दोन महिन्यांनी तिला बोटावर मावेल इतके खनिज तेल चोळावे, म्हणजे पाते जिथे मुठीत शिरते त्या फटीतून पाणी आत जाणार नाही.